खाली माणूस आसा

बाबा खाणीवर जायचे थांबले त्याला पाच महिने होत आले होते. आमच्या गावात, लाटंबार्शात, कोणी ना कोणी रोज विचारी, आणि आई प्रत्येकाला एकच सांगे: पाठ धरली आहे, डॉक्टरने वजन उचलायला नको म्हटलंय. खरं म्हणजे बाबा खाणीवर वजन उचलतच नव्हते. ते पंपवाले. खाणीचा खड्डा जिथे सगळ्यात खोल असतो तिथे पाणी झिरपत राहतं. ते उपसणारा पंप चालू ठेवायचा, आणि वरची माती हलताना दिसली की शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं, तरी आईच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. श्रावणात त्याच खड्ड्याची एक बाजू कोसळून घाटावरून आलेला एक कामगार दबून मेला होता. त्यानंतर बाबांनी अंथरूण धरलं, तेव्हा माणूस घाबरला असेल, असं लोकांनी आपसांत ठरवून टाकलं. मलाही तेवढंच माहीत होतं. त्या कामगाराचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत यायचा. आधी पाव घ्यायला बाबाच बाहेर जात, पोदेराशी दोन शब्द बोलत, गरम पाव माझ्या गालाला लावून मला उठवत. आता मी जायची. बाबा पुढच्या सोप्यावर, दगडी बाकावर, भिंतीला टेकून बसलेले असत. दहा वाजता पेज. उकड्या तांदळाची, तिच्याबरोबर खारवलेल्या आंब्याची फोड नाहीतर चुलीत भाजलेला सुका बांगडा. बाबा पेजेत चमचा फिरवत राहायचे आणि ती निवून घट्ट व्हायची. रस्त्यावरून खनिज भरलेले टिपर जात, तेव्हा कपाटातले कप किणकिणत आणि बाबांचा हात थांबे. टिपर दूर गेला, कप गप्प झाले, की चमचा पुन्हा फिरू लागे. दुपारी कधी कधी ते उठून डोंगरामागच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्याकडे चालत जायचे. आई हातातलं काम टाकून मला म्हणायची, "धांव, बाबांका च्याक बोलय." मी धावत जायची. ते काठावर बसलेले असायचे. हिरवं पाणी, त्यात पडलेली काजूची पानं. "बाबा, च्या झालो," म्हटलं की निमूट उठायचे. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचल्यावर कळतं, आई मला चहासाठी धाडत नव्हती.

माझा मामा धारगळचा, बोटीवर स्वयंपाकी होता. गणपतीच्या चवथीला घरी आला तेव्हा त्याने माझ्यासाठी एक हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला. आमच्या अख्ख्या वाड्यावर तसली वस्तू कोणाकडे नव्हती. त्यातला खेळ असा: एक मुलगी घरातून निघते, रानावनात नाना तऱ्हेचे प्राणी पकडते, त्यांना वाढवते, वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावते, आणि गावं पार करत करत शेवटी एका महालापाशी पोचते. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे खेळायचं तर जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, बसावं लागे, तेही दुपारी, ऊन आडवं यायच्या आधी. सेल उतरले की मी ते कौलावर उन्हात ठेवायची. तापले की आणखी अर्धा तास चालत.

बाबा पहिल्यांदा माझ्याकडे वळले ते एका गुहेत मी वाट चुकले तेव्हा. तासभर मी त्याच त्या अंधाऱ्या कोपऱ्यांत फिरत होते. मागून आवाज आला, "ही जागा मघाशी येऊन गेली." मी दचकलेच. इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य. ते माझ्या मागे उभे होते, कधीपासून कोण जाणे. "डावीकडे नको. थंय भिंत आसा. खाली उतर." मी खाली उतरले आणि वाट सापडली.

दुसऱ्या दिवशी ते कदेल, लाकडी खुर्ची, ओढून माझ्याजवळ बसले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने नकाशे काढायला घेतले. खाणीवरचा माणूस नकाशा काढतो तसा, वरचा मजला एका पानावर, खालचा दुसऱ्या पानावर, शिडी जिथे उतरते तिथे दोन्हींवर एकच खूण. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मी वाचायची, वाट ते सांगायचे. दोघं मिळून आम्ही भराभर पुढे गेलो. त्यांना प्राणी पकडण्यात फारशी गोडी नव्हती. त्यांना वाटा आवडत. एखादा कोपरा बघायचा राहिला तर ते पुढे जाऊ देत नसत. "थंय काय आसा तां बघून ये आधी," म्हणायचे. मी कुरकुरत जायची, आणि तिथे बहुतेक वेळा काहीच नसायचं.

आईला हे सोसवत नव्हतं. ती पहाटेपासून काजूच्या बागेत वेचायला जाई, दुपारी परत येई तेव्हा तिच्या हातांना काजूच्या बोंडूंचा आंबूस वास असे. दारातच तिला दिसायचं, नवरा आणि मुलगी जनेलाशी डोकं लावून खेळतायत. "बिया सोलून ठेवल्यार पाठ मोडता तुमची, आणि ह्या खेळान मोडना?" एकदा ती बोललीच. बाबांनी मान खाली घातली. पण त्याच दिवशी त्यांनी पेज पुरी संपवली होती. तिने रिकामी बशी पाहिली, उचलली, धुतली आणि पुन्हा त्या खेळाबद्दल चकार शब्द काढला नाही.

एक प्राणी आम्ही फार आधीपासून सांभाळला होता. जमीन उकरणारा, गोल पाठीचा, उंदीरघुशीसारखा दिसणारा. तो झुंजीत मंद होता, पण टणक. त्याला नाव द्यायची सोय होती. मी बाबांना विचारलं, काय ठेवूया? त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तुका घाल." मला वाटलं, संतांच्या नावावरून म्हणतात. मी हसत हसत अक्षरं दाबली. त्यानंतर झुंजीत तुक्याला मार बसू लागला की बाबा म्हणायचे, "त्याका परत बोलय. बाहेर काढ त्याका." हरलो तरी चालेल, पण त्याला बाहेर काढ. मला त्याचा राग यायचा.

मार्च लागता लागता आम्ही शेवटच्या वाटेवर पोचलो. खेळातली सगळी गावं मागे पडली होती. गावातल्या माणसांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पुढे दुकान नाही, विश्रांतीची जागा नाही, जे लागेल ते बरोबर घ्या. वाट सुरू झाली ती कंबरभर उंच गवतातून. गवतात पाऊल टाकलं की काहीतरी अंगावर येई. मग नदी, तिला धबधबा, तो चढून गेल्यावर कड्यात तोंड उघडलेली गुहा. संगीतही बदललं. आधीच्या रानांत सनई वाजल्यासारखे सूर होते, इथे एकच जड ठोका होता, संथ. बाबा म्हणाले, "हो पंपाचो आवाज." मी नीट ऐकलं. मला तो पंपाचा वाटला नाही, पण मी हो म्हटलं.

गुहेला तीन मजले होते. वरच्या मजल्यावर मोठमोठे धोंडे, आणि जमिनीत भोकं. धोंडा ढकलत नेऊन भोकात टाकायचा, तो खालच्या मजल्यावर पडतो. मग आपण शिडीने खाली उतरून तोच धोंडा एका चौकोनावर सारायचा, की दगडी दार उघडतं. बाबांनी तीन पानं जोडून नकाशा केला होता. आम्ही आधी खालचा मजला बघून आलो होतो. तिथे, भोकाच्या बरोबर खाली म्हणावं अशा जागी, एक टोपीवाला माणूस उभा होता. आमची झुंज त्याच्याशी होऊन गेली होती. हरल्यावरही ही माणसं जागेवरच उभी राहतात.

मी वर आले. धोंडा भोकाच्या तोंडाशी आणला. आणखी एक पाऊल, की पडला असता.

"बाय, थांब."

मी थांबले.

"तो ढकलू नको. खाली माणूस आसा."

मला हसू आलं. "बाबा, तो खेळातलो माणूस. त्याका काय जावचा ना."

"दुसरी वाट बघ."

"दुसरी वाट ना. तुम्हीच नकाशो काढलो मगे."

त्यांनी नकाशा पुढे ओढला आणि बोट फिरवू लागले. एका पानावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. त्यांचं बोट पुन्हा पुन्हा त्याच भोकापाशी येऊन अडत होतं. तेरा वर्षांची मुलगी हे सगळं बघते आणि तिला काही समजत नाही, असं नसतं. मला समजलं होतं की काहीतरी झालंय. पण ऊन आडवं यायला आलं होतं, सेल उतरत होते, आणि मला ते दार उघडायचं होतं. मी म्हटलं, "बघा, दाखयतंय तुमका," आणि बटण दाबलं.

धोंडा पडला. पडदा क्षणभर हलला, त्या यंत्रात अशी थरथर दाखवायची युक्ती होती. मी भराभर शिडी उतरले आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. टोपीवाला होता तिथेच उभा होता, धोंडा त्याच्या शेजारी. त्याला काही झालं नव्हतं. मी त्याच्याशी बोलायचं बटणही दाबलं, म्हणजे बाबांना पटेल. त्याने मघाचंच वाक्य पुन्हा म्हटलं, इथून बरेच जण परत फिरतात, की असलंच काही.

"बघलांत? काय एक जाऊक ना त्याका."

बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खेळात बरां आसता." आणि तोंडावर हात घेऊन रडू लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना रडताही येत नव्हतं नीट. कोणीतरी जड काही ओढतंय तसा आवाज येत होता.

मग त्यांनी सांगितलं. मला सांगितलं की स्वतःला, ठाऊक नाही.

"तो माझ्या जाग्यार उभो होतो. तुकाराम. मी वर च्या पिऊक गेललंय. त्याका म्हटलां, पंपार नजर ठेव, धा मिंटांत येतंय. त्याका शिट्टी दिऊक विसरलंय. ती माझ्याच गळ्यात होती. वरून बघलां तर भिंत सुटली. मी शिट्टी मारली, पण वरून. पंपाच्या आवाजात त्याका काय ऐकू येतला?" त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "आणि साहेबान विचारल्यार मी म्हटलां, कोणी धाडूक नाय. तो आपणच खाली गेलो. त्याचीच चूक. कागदार सही पण केली."

मागच्या दारात आई उभी होती. तिच्या हातात बोंडूंची टोपली होती. किती ऐकलं होतं तिने? मला वाटतं, सगळंच. ती ओरडेल असं मला वाटलं. तिने टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि एवढंच विचारलं, "त्याच्या घरच्यांका कोणी सांगलां?"

बाबांनी मान हलवली. नाही.

ती वाट मी पुढे एकटीने पुरी केली, बऱ्याच महिन्यांनी, कोणी घरात नसताना. महालापाशी पोचले, आत काय होतं ते आता आठवतही नाही. आठवतो तो बटणावरचा माझा अंगठा. मी ढकललं नसतं तर बाबा बोलले असते का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे, आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं. काही वर्षं मी मानत होते की मी त्यांना वाचवलं. आता तसं म्हणवत नाही. पुढचंही इथेच सांगून टाकते. बाबा खाणीच्या कचेरीत जाऊन खरं काय ते सांगून आले. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि जुनं कशाला उकरता म्हणून त्यांना परत पाठवलं. नंतर धारगळला हमरस्त्याला लागून मामाच्या ओळखीचं एक हार्डवेअरचं दुकान होतं, तिथे ते कामाला लागले. पेज संपवायचे, लोकांशी बोलायचे, माझ्या लग्नात त्यांनी उभं राहून पंगतीला वाढलं. पण जोरात हसताना त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. जुन्या खड्ड्याकडे मात्र ते परत गेले नाहीत.

त्या दुपारनंतर दोन दिवसांनी सकाळी बाबा धुतलेला शर्ट घालून निघाले. तुकारामाचं गाव त्यांना माहीत होतं. काम करता करता त्याने सांगितलं होतं, चंदगडच्या अलीकडे, फाट्यावर वडाचं झाड आहे, तिथून चालत. आई म्हणाली, "एकटे जाऊ नकात. चेडवाक घेऊन जा." मला तिने बाजूला घेतलं आणि म्हणाली, "त्यांचो हात सोडू नको. घाटात गाडी थांबली तरी सोडू नको." तिने बरोबर फणसाच्या गऱ्यांची पुडी दिली, दोन पाव आणि भाजी दिली. दोडामार्गाला एसटी मिळाली. तिलारीचा घाट चढताना मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यांनी सोडवून घेतला नाही.

घर लहान होतं, पुढे सारवलेलं अंगण. एक बाई सुपात नाचणी पाखडत होती. आम्हाला बघून ती उठली. "कोण पायजे?"

बाबांनी नाव सांगितलं. खाणीवरून आलो म्हणाले. ती कंपनीची माणसं समजली असावी, कारण तिने घाईने घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, चहा ठेवायला आत वळली. बाबा म्हणाले, "चहा नको. आधी ऐकून घ्या." घरात ते आमच्या बोलीत बोलत, पण परक्या माणसापुढे वर्तमानपत्रातली मराठी काढत. तशाच मराठीत, उभ्या उभ्या, त्यांनी सगळं सांगितलं. मी चहाला गेलो होतो. मी त्यांना माझ्या जागी उभं केलं. शिट्टी माझ्याकडे राहिली. आणि नंतर मी खोटं बोललो.

बाई सूप छातीशी धरून ऐकत होती. तिचं वय तेव्हा तिशीच्या आत असेल. मला ती मोठी वाटली होती.

"म्हंजे त्यांची चूक नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"आमाला सांगितलं, सोत्ताच्या हातानं मेला. कोण म्हणालं पिऊन उतरला असंल. ह्या गावात सगळी तेच म्हणत्यात. माझी पोरं शाळेत तेच ऐकत्यात."

तिने सूप खाली ठेवलं. ओट्यावर एक म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, दोरी वळत बसला होता. त्याने आमच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "हे माझं सासरं. त्यांस्नी सांगा. कमी ऐकू येतंय, मोठ्यानं सांगा."

बाबा ओट्याजवळ गेले. सांगू लागले. म्हाताऱ्याने कानाला हात लावला. "आं?"

"मोठ्यानं," ती म्हणाली.

बाबांनी आवाज चढवला. तरी त्याला ऐकू आलं नाही. तिसऱ्या वेळी बाबा ओरडून बोलले, माझ्या आयुष्यात मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता: "तुकारामाची चूक नव्हती! चूक माझी होती! मी खोटं बोललो!" शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. एक बाई कडेवर मूल घेऊन कुंपणाशी येऊन उभी राहिली. विहिरीवरच्या दोघी हातात दोर तसाच धरून बघू लागल्या. म्हाताऱ्याच्या हातातली दोरी थांबली. त्याने बाबांकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि पुन्हा दोरी वळायला घेतली.

"आता बास," ती बाई म्हणाली. "ऐकलं समद्यांनी."

बाबा म्हणाले, "माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर—"

"काय नको. पोरं शाळेतनं यायच्या आत जावा."

आम्ही निघालो. फाट्यापर्यंत ती आमच्या मागून चालत आली, दहा पावलांचं अंतर ठेवून. मला आधी कळलं नाही ती का येतेय. मग गाडी दिसली. त्या थांब्यावर ड्रायव्हर ओळखीच्या माणसांसाठीच गाडी उभी करी, आम्ही दोघंच हात करत राहिलो असतो तर निघून गेली असती. ती रस्त्यावर पुढे झाली आणि तिने हात केला. गाडी थांबली.

मी चढले. बाबा पायरीवर एक पाय ठेवून मागे वळले आणि म्हणाले, "येतो."

आपल्याकडे कोणी येतो म्हणालं, की समोरचा या म्हणतो. वैऱ्यालाही म्हणतो. तोंडातून आपोआप निघतं ते. बाबा पायरीवर उभे राहिले. कंडक्टरने घंटी मारली, आत या म्हणाला, तरी ते दांडा धरून तसेच उभे. ती वडाखाली उभी होती, पदर डोक्यावर घेतलेला, डोळे बाबांवर. तिने ओठ मिटून घेतले होते. गाडी हलली, वळणापर्यंत गेली. बाबांनी तिच्याकडची नजर काढली नाही, आणि ती शेवटपर्यंत काही म्हणाली नाही.